पिकायला ठेवलेली सफरचंदं

सफरचंदाचा रंग आधी देठाजवळच्या खळग्यात बदलतो. गालावरची लाली होती तेवढीच राहते. खळग्यातली हिरवी छटा मात्र हळूहळू पिवळी होत जाते. आभा रोज सकाळी फ्रिजचा खालचा खण उघडायची, एक फळ खिडकीपाशी धरायची आणि तो खळगा पाहायची. भोगीच्या सकाळी तो पुरता पिवळा झाला होता.

फळं आली होती दिवाळीत, हिमाचलातल्या एका फळसंशोधन केंद्राकडून. बडोद्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या आभाला त्यांनी तिकडे नोकरी देऊ केली होती, आणि ज्या जातीवर काम करायचं तिची पेटीही पाठवली होती. उशिरा येणारी, हिवाळी जात. झाडावरून उतरवताना फळ टणक आणि आंबट. थंड जागी दोन-तीन महिने पडून राहिलं की मग त्यात गोडी उतरते. आभाला हे माहीत होतं, पण पेटी आली तेव्हा ती कॉलेजात होती. वत्सलाबाईंनी एक फोड चाखली आणि निकाल दिला, "कच्चीच पाठवलीत मेल्यांनी." संध्याकाळपर्यंत अर्ध्या पेटीचं मोहरीची डाळ घालून लोणचं झालं होतं.

"अगं आई, ही ठेवायची असतात!"

"मग तसं पेटीवर लिहायचं त्यांनी. लोणचं मात्र असं झालंय, की कैरीची आठवण येणार नाही."

उरलेली फळं आभानं कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली. केंद्राला द्यायचं उत्तरही तसंच राहिलं. स्मरणपत्र येऊन गेलं: जानेवारी संपायच्या आत कळवा. आई विचारायची, ती "बघू" म्हणायची. अडचण वडिलांच्या, दामोदररावांच्या डोळ्यांची होती. काचबिंदू. सकाळ-संध्याकाळचे थेंब चुकले तर उरलीसुरली नजरही जाईल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आईचा हात थरथरायचा; तिनं घातलेले थेंब कपाळावरून कानात जायचे. घरात चौथं कोणी नव्हतं.

"इथंच लाव की एक झाड," दामोदरराव म्हणायचे. निजामपुऱ्यातल्या त्यांच्या घरामागे तुळशीपलीकडे थोडी जागा होती.

"एकटं लावून फळ धरत नाही, बाबा. परागांसाठी शेजारी दुसऱ्या जातीचं झाड लागतं."

"मग दोन लावू."

"आणि थंडी? हिवाळाभरात हजारेक तास कडाक्याची थंडी मिळाली तर ही जात फुलते."

"बर्फवाला ओळखीचा आहे. रोज एक लादी बुंध्याशी टाकू."

"थंडी मुळांना नाही, कळ्यांना लागते."

"म्हणजे फांदीवर बसून वारा घालायचा. तेवढं मात्र मला जमणार नाही हं."

ते हसले, तीही हसली, आणि विषय तिथंच राहिला.

संक्रांतीला वत्सलाबाईंनी हळदीकुंकू ठेवलं. दरवर्षी त्या वाण म्हणून काहीतरी स्टीलचं द्यायच्या. यंदा म्हणाल्या, "ही सफरचंदंच लुटते. डब्या काय, सगळ्यांकडे आहेत."

संध्याकाळी कुणाचा पतंग कापला गेला की गच्चीगच्चीवरून 'काप्यो छे'च्या आरोळ्या उठत होत्या. बायका जमायला लागल्या होत्या. थेंबांची वेळ झाली म्हणून आभा मागच्या पडवीत गेली आणि दारातच थांबली. दामोदरराव खाटेवर उताणे पडले होते. एका हाताच्या बोटानं त्यांनी खालची पापणी ओढून धरली होती, दुसऱ्या हातात बाटली. पहिला थेंब गालावर पडला. त्यांनी तो बाहीला पुसला, मनगट कपाळावर नीट टेकवलं आणि पुन्हा बाटली दाबली. थेंब डोळ्यात गेला. दुसऱ्या डोळ्यात तर पहिल्याच खेपेला.

"हे कधीपासून, बाबा?"

"तुझं ते स्मरणपत्र आलं तेव्हापासून. आधी जुन्या बाटलीत पाणी भरून. परवा डॉक्टरांपुढे करून दाखवलं. पास केलंय त्यांनी."

"मग मला सांगितलं का नाही?"

"तू तरी कुठं काय सांगतेस?" त्यांनी डोळे मिटूनच बाटली तिच्यापुढे धरली. "घे, झाकण लाव. ते अजून सापडत नाही मला."

झाकण लावून बाटली हातात तशीच धरून आभा पुढच्या खोलीत आली. शेजारच्या कुसुमावती काकू ओटीतलं सफरचंद नाकाशी धरून म्हणत होत्या, "काय सुंदर वास आहे हो, वत्सलावहिनी! खंडेराव मार्केटात तर कुठं दिसली नाहीत."

"तिथं नाही मिळायची. हिमाचलातली आहेत."

"मग पुढच्या वर्षी आमच्यासाठी पण मागवा ने!"

वत्सलाबाईंचं बोट कुंकवाच्या करंड्यातच थांबलं. "पुढच्या वर्षी कोण पाठवणार? यंदा आली, आली."

"मी पाठवीन," आभा म्हणाली. "आई, मी जाते आहे तिकडे."