बिघडलेलं मशीन

सरकारी कामाशिवाय बायकोने सिल्वासाला जायचं नाही, हा काळूचा कायदा. त्यामुळे तानूबाईला सरकारी कामं फार असत. कचेरीत साहेब जागेवर नसला की तिला देव पावे. मग बाजार, बांगड्या आणि डोकमर्डीला बहिणीकडे चहा.

या सुखावर नव्याण्णव साली घाला आला. किलवणीच्या समाजमंदिरात कॉम्प्युटर बसला. दाखले आता गावातच मिळणार म्हणून काळूने पेढे वाटले. त्यावर बसणाऱ्या प्राजक्ता नावाच्या मुंबईच्या मॅडमनी उत्पन्नाचा दाखला लगेच तानूबाईच्या हातात ठेवला.

"मॅडम, हे कधी बिघडत नाही का वो?" तानूबाईने काकुळतीने विचारलं.

मॅडमनी तिच्याकडे पाहिलं, मग बाहेरच्या ओसाड रस्त्याकडे. बदली झाल्यापासून त्याही इथे माशा मारत बसल्या होत्या.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मशीन बिघडलं. तक्रार द्यायला मॅडमना सिल्वासाला जावंच लागलं आणि रहिवासाच्या दाखल्यासाठी तानूबाईला. दोघी जीपमध्ये शेजारीशेजारी बसल्या.

"सरकारी मशीन ते, चालणार किती!" काळू शेजाऱ्याला ऐटीत सांगत होता. "नशीब, आमच्या हिला कचेरीची सवय आहे."