अकरा प्रयोगशाळा, एकच रक्त

ब्रिस्बेनच्या त्या प्रयोगशाळेत सकाळपासून कोणी मोठ्याने शिंकलंसुद्धा नव्हतं. दोन वाजता निकाल होता. परीक्षा म्हणून एकाच रक्ताच्या नळ्या पर्थहून देशातल्या अकरा प्रयोगशाळांना पाठवल्या होत्या. प्रत्येकीने त्यातलं एक प्रथिन आपल्या मास स्पेक्ट्रोमीटरवर मोजायचं आणि आकडे जुळतात का, ते बघायचं. प्रयोगशाळाप्रमुख लिनेट गॅस्कॉइनच्या आकड्यावरून दोनशे बारा हृदयरोग्यांचा डोस ठरत असे. आकडा फुगला की डोस वाढतो आणि डोस वाढला की रक्तस्राव होतो, हे तिला झोपेतही पाठ होतं. म्हणून तर झोप नव्हती.

"अगं, खा काहीतरी," मशीन चालवणारा इसिकेली लॅमिंग्टन केकचा डबा सरकवत म्हणाला. "तू उपाशी मेलीस तर तुझ्या खुर्चीत मला बसवतील. मग पेशंटांचं काही खरं नाही."

"परीक्षेची नळी नीट मोजली होती ना रे?"

"मला हात लावू दिलास का तू? तीन दिवस मशीन धूत होतीस. एवढं तर नवऱ्यालाही जपत नाहीस."

दोन वाजता पर्थहून संयोजक ड्यूगल पडद्यावर आला. "ब्रिस्बेन, एक्केचाळीस. अकरांत सर्वांत अचूक. अभिनंदन!"

इसिकेलीने टेबलावर थाप मारली. लिनेटने आठवड्यातला पहिला श्वास घेतला.

"आता दुसरा भाग," ड्यूगल म्हणाला. "हेच रक्त आम्ही सगळ्यांच्या रोजच्या नमुन्यांतही गुपचूप घातलं होतं, खोट्या पेशंटच्या नावाने. तुमच्याकडे ती मार्गरी प्लम, वय एकाहत्तर. तिचे तुम्ही त्रेसष्ट दिलेत."

लिनेटने दोन्ही आकडे कागदावर शेजारी शेजारी लिहिले. दहा प्रयोगशाळांशी आकडा जुळला होता; स्वतःशी जुळत नव्हता.

"प्रथिनं वेगळी करणारा रोजच्या नमुन्यांचा कॉलम पार झिजलाय," इसिकेली हळूच म्हणाला. आता त्याला विनोद सुचत नव्हता. "शेजारची प्रथिनं वेगळी होत नाहीत, तीही मोजली जातात. मी बदलूया म्हणालो होतो. नवा एकच होता. तो तू परीक्षेसाठी राखून ठेवलास."

"किती दिवस झाले?"

"तीन आठवडे."

आज अडीचला क्लिनिकमध्ये एकोणीस जणांना याच आकड्यांवरून ठरलेली इंजेक्शनं द्यायची होती. घड्याळात दोन वाजून बारा मिनिटं. तिने क्लिनिकचा नंबर फिरवला. गोड आवाजाने सांगितलं, की तिचा फोन महत्त्वाचा आहे आणि रांगेत ती चौदावी आहे.

"गाडी काढ," ती म्हणाली. इसिकेली आधीच जिन्यात होता.