आठ पेले पाणी

"उठलीस की धागा तुटतो, पोरी. बसून राहा. थोड्या वेळानं अंग आपोआप गप्प होतं."

शिवणघरातल्या पहिल्याच दिवशी शेजारच्या यंत्रावरच्या म्हातारीनं तिला हे सांगितलं होतं, ओठांत टाचणी धरून, मान वर न करता. त्याला आता सत्तावीस वर्षं झाली. म्हातारी गेली, यंत्रं बदलली, आवाज तेवढा राहिला.

रांगेत चोवीस बायका. कोणी बाही जोडायची, कोणी खांदा, तिच्याकडे कॉलर. एक उठली की पुढचीचे हात रिकामे आणि उठलेलीच्या यंत्रापाशी गठ्ठ्यांचा डोंगर. म्हणून दुपारच्या सुट्टीपर्यंत कोणी पाण्याला शिवत नसे. असा नियम कुठं लिहिलेला नव्हता. सासूकडून सुनेकडे रीत यावी तसा तो एकीकडून दुसरीकडे आला होता. सुई खाली, सुई वर, आणि घसा कोरडा.

अंग खरंच गप्प झालं. चाळिशी ओलांडल्यावर मात्र ते बोलायला लागलं आणि थांबेचना. ओटीपोटात कुणी निखारा पुरून ठेवावा तशी आग. दिवसातून बावीस वेळा लघवीला जायचं, चमचाभर व्हायचं, आग जागच्या जागी. तपासण्या झाल्या. खडा नाही, जंतू नाहीत. एका डॉक्टरनं तर मनाचा खेळ म्हणून हात झटकले.

तिला इथं, या दवाखान्यात आणलं ते नणंदेनं. तोंडाची फटकळ, मनाची मऊ. स्कूटरवर मागं बसवून म्हणाली, "वहिनी, तुझं मूत्राशय म्हणजे सरकारी कचेरी झालंय. हेलपाटे घालून माणूस थकतं, काम काही होत नाही." त्या दिवशी दोघी हसल्या होत्या.

इथल्या सिस्टरनं समजावून सांगितलं की मूत्राशयाचं आतलं अस्तर विरलंय असं धरून चाला, आठवड्यातून एकदा असं सहा वेळा तिथं औषध सोडायचं. अस्तर म्हटल्यावर तिला लगेच उमगलं. वरून कोट झकास दिसतो आणि आत चिंध्या लोंबत असतात, असे कितीतरी तिच्या हाताखालून गेले होते.

मग दर बुधवारी तोच पलंग, तीच हिरवी चादर. आधी बधिर करणारी जेली, मग बारीक नळी, नळीतून औषध, नळी बाहेर. अर्धा तास ते आत धरून ठेवायचं. थोडा वेळ पाठीवर, मग उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, शेवटी पोटावर. धरून ठेवण्यात तिचा हात कोण धरणार? ती छताच्या चौकोनांकडे बघत पडून राही. लाज पहिल्या बुधवारी संपली, भीती दुसऱ्या. तिसऱ्यापासून आपल्या जागी दुसरंच कोणी झोपलंय आणि आपण त्याच्या चपला सांभाळत बसलोय, असं वाटू लागलं. घरी जाताना अंगाला, श्वासाला लसणाचा वास येई. औषधाचाच गुण तो. दुसऱ्या दिवशी रांगेतल्या बायका विचारत, आज फोडणीत स्वतःच पडलीस की काय? ती मान हलवी.

सोबत एक वही होती. दोन रकाने : पाणी किती प्यायलं, किती वेळा गेलं. पहिल्या आठवड्यात तिनं खरं ते लिहिलं. दुसऱ्या आठवड्यात रजा संपली आणि ती कॉलरीवर परत बसली. रांगेत बसायचं म्हणजे पाणी सोडायचं. इतक्या वर्षांची सवय, त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. जाण्याचा आकडा आपोआप उतरला. पाण्याच्या रकान्यात काय लिहावं कळेना, म्हणून सिस्टरनं सांगितलेले आठ पेले लिहून टाकले.

जाण्याचा उतरलेला आकडा बघून सिस्टर खुलली. नणंदेनं तिथूनच भावाला फोन लावला. नवऱ्यानं संध्याकाळी जेवताना एक गमतीचा किस्सा सांगितला, कित्येक महिन्यांनी. त्यानंतर ते आठ पेले तिला खोडता आले नाहीत. आग होतीच, उलट वाढली होती. पण ती आता लांबच्या खोलीत कुणी सतत बोलत असल्यासारखी वाटे. शब्द कळत नाहीत, आवाज थांबत नाही.

आज सहावा बुधवार. औषध झालं, अर्धा तास झाला, मोकळी होऊन ती खुर्चीत बसली. शेजारी नणंद. सिस्टरनं वहीची पानं उलटली आणि पेनाचं टोपण काढलं. बावीसवरून नऊ. डॉक्टरांना हे दाखवलं की झालं, म्हणाली. गुण आलाय म्हटल्यावर हेच औषध महिन्यातून एकदा, वर्षभर. गुण नसता आला तर दुसरं औषध होतं, भूल देऊन आतून बघायचं होतं, ते आता राहिलं. नणंदेनं फोन हातात घेतला.

"ओठ किती फुटलेत तुमचे, ताई," सिस्टर म्हणाली आणि टेबलावरच्या जगमधून पेला भरून पुढं केला.

"घे गं वहिनी, आता कसली धास्ती?" नणंद म्हणाली.

तिनं पेला घेतला. गार आहे एवढं बोटांना कळलं. हा प्यायला तर दहा मिनिटांत या दोघींसमोर उठावं लागेल, मग पुन्हा, मग पुन्हा. नाही प्यायला तर ते पेन चालेल आणि पुढचं वर्षभर ही हिरवी चादर. सिस्टरनं तारीख घातली, खाली ओळ सुरू केली.

तिनं पेला तसाच भरलेला टेबलावर ठेवला.

"सिस्टर, ते लिहू नका." आवाज सपाट होता, कपड्याचं माप सांगावं तसा. नणंदेचा अंगठा फोनवर थांबला. "आठ पेले मी कधी प्यायलेच नाही. दिवसाला एक, कधी दीड. म्हणून नऊ वेळा. आग पहिल्या दिवसापेक्षा जास्त आहे, आणि हे मी चार आठवडे तुम्हा सगळ्यांपासून लपवलं."