भिंतीवरचं नाव

त्या संध्याकाळी आई न्हाणीघरात गमबूट घासत होती आणि चिखलाचं पाणी उंबऱ्याबाहेर आलं म्हणून मी कुरकुरत होते. ती म्हणाली, "तुझ्या काकांना चिखल दिसला की सिमेंट सुचतं आणि तुला फडकं." दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटी लागल्यावर ती खाऱ्या दलदलीत गेली, ती परत आली नाही.

आई त्या दलदलीवर संशोधन करायची. चिखलावर पांढरी भुकटी पसरून ठेवायची आणि वर्षाने सुरीने तुकडा कापून पाहायची. पांढऱ्या रेघेवर गाळ जेवढा साचला, तेवढी दलदल उंच झाली. समुद्र चढतो तशी तीही चढते, म्हणून तगते. काकांनी, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाने, खाडीच्या तोंडाशी भिंत बांधली. पाणी एका अरुंद फटीतून आत येत राहिलं, गाळ बाहेरच अडला. आईने असा एक तुकडा बशीत घालून जेवणाच्या टेबलावर त्यांच्यासमोर ठेवला. वर गाळ साचलाच नव्हता, पांढरी भुकटी उघडी पडली होती. भिंतीत दरवाजे करा, भरती मोकळी येऊ द्या, एवढंच तिचं मागणं होतं. काका म्हणाले, वहिनी, आज चिखलाचा केक वाटतं. सगळे हसले. आईही हसली, याचा मला अजून राग येतो.

दलदलीत लालसर झुडपं वाढतात तिथूनच ती चालायची, कारण त्यांच्या मुळांनी जमीन धरून ठेवलेली असते. त्या दिवशीही तशीच गेली. झुडपं लालच होती, पण गाळाविना दलदल खचून पाण्याखालीच राहिली होती आणि खाली मुळं कुजून जमीन पोकळ झाली होती. इतक्या लवकर असं होईल, हे तिलाही वाटलं नसावं. ती कमरेपर्यंत रुतली आणि मग पाणी चढलं, असं तिला बाहेर काढणाऱ्यांनी सांगितलं.

काका भेटायला आले आणि तिच्याच खुर्चीत बसले. शेजाऱ्यांना सांगत होते की वहिनी पहिल्यापासूनच धांदरट, या वयात एकटं चिखलात कोण जातं. मग आवाज हळवा करून मला म्हणाले की भिंतीवरच्या फिरायच्या रस्त्याला आईचं नाव द्यायचं ठरलंय. तुझं वाचन दांडगं, पाटीवरचा मजकूर तूच लिही.

बाबांनी मला नजरेनेच गप्प राहायला सांगितलं. आमच्या घरात काकांना कोणी उलट बोलत नाही. सासरचं माणूस दुखावू नये म्हणून आईही दर वेळी टेबलाखालून माझा पाय दाबायची.

"तिचं नाव तिथे लागणार नाही," मी म्हणाले.

"अगं, मान आहे तो तिचा."

"आई धांदरट नव्हती. तिच्या पायाखालची जमीन तुमच्या भिंतीने खाल्ली. तिने तुम्हाला सांगितलं होतं."

बाबा म्हणाले, पुरे आता.

"नाही बाबा. माझ्या आईला तुम्ही मारलंत, काका."