वल्लरीचा कान

विद्युल्लताचं देवघर आणि चक्कीचा शेड यांच्यामध्ये एकच भिंत होती. अलीकडे अन्नपूर्णा, पलीकडे बेसनाची चक्की. सकाळी इकडे घंटा वाजायची त्याच सुमारास तिकडे अरविंद मोटर सुरू करायचा आणि सासूबाई, म्हणजे माई, ओट्यावरून म्हणायच्या, "चला, दोन्ही देव जागे झाले."

लग्न होऊन ती देवासला आली तेव्हापासूनचा हा परिपाठ. त्यात एक छोटीशी गोष्ट तिची स्वतःची होती. चक्कीने वेग घेतला की अरविंद देवघराच्या दारात येऊन विचारायचा, "काय गं, आज आवाज कसा वाटतो?" ती म्हणायची, "बरा वाटतो," नाहीतर, "जरा जड वाटतो." तिला त्यातलं फारसं काही कळत नव्हतं आणि हे त्यालाही ठाऊक होतं. तरी तो विचारायचा.

मग धाकट्या दिराचं, अजेयचं, लग्न झालं आणि धारहून वल्लरी आली. तिच्या वडिलांची धारला चक्कीच होती. अजेय शिफ्टच्या बसने पीथमपूरच्या कारखान्यात जायचा आणि ही दिवसभर शेडमध्ये रमायची. नवी नवरी असतानाच एकदा तिने पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, मागून घेतला, त्याचं टोक बेअरिंगच्या डब्यावर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून म्हणाली, "भावजी, हे जायला आलंय. आत काहीतरी भरडल्यासारखं वाजतंय." डबा खोलला तर बेअरिंगच्या गोळ्यांना खड्डे पडलेले. त्या दिवसापासून 'वल्लरीचा कान' हा घरातला एक दागिना झाला, आल्यागेल्याला दाखवायचा. शेववाले भिया लोक बेसन न्यायला आले की माई सांगायच्या, "हमारी छोटी बहू डॉक्टरनी है, चक्की की नाडी देखती है."

आणि अरविंद दारात यायचा थांबला. आता तो शेडमध्येच मान वळवून विचारायचा, "वल्लरी, कसं वाटतंय?"

विद्युल्लता कोणाला काही बोलली नाही. बोलण्यासारखं त्यात होतं तरी काय? तिचे सोमवार होते, चतुर्थ्या होत्या, मंगळवारी टेकरी होती. टेकरीवर थोरली आणि धाकटी अशा दोन देवी, एकीचं दर्शन घेऊन दुसरीला टाळायचं नाही अशी रीत. ती थोरलीपुढे पुष्कळ वेळ बसायची. अलीकडे धाकटीला मात्र चालता चालताच हात जोडायची. देवीला काय समजायचं ते समजलं असेल.

यंदाच्या चातुर्मासात तिने मौन धरलं. अंघोळ झाली की पोथी आणि आरती होईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. माई म्हणाल्या, "तू अशीही कुठे बोलतेस? व्रत तर माझ्यासारखीने धरायला हवं." पण न बोलण्यात एक गंमत तिच्या ध्यानात आली. तोंड मिटलं की कान आपोआप उघडतात. पहिल्यांदा तिला नळाची थेंबथेंब ऐकू येऊ लागली, मग कबुतरांचे पाय, मग भिंतीपलीकडची चक्की. पट्ट्याची फटफट वेगळी, दळणाऱ्या दगडी पाटांची घरघर वेगळी आणि त्याखाली बेअरिंगची एकसारखी गुणगुण वेगळी. दुपारी शेडमध्ये कोणी नसलं की तीही पेचकस कानाला लावून बघू लागली. चोरून. कोणी आलंच तर पदराने मोटरवरचं पीठ झटकायची.

नवरात्र तोंडावर आलं होतं. दिवाळीच्या फरसाणासाठी धामनोदच्या व्यापाऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती आणि निम्मं बेसन अजून दळायचं होतं. पोथीचं पान उलटताना विद्युल्लताच्या कानात ते शिरलं. गुणगुणीच्या पोटात एक बारीक कुरकुर. कोणीतरी दाताखाली खडीसाखर फोडावी तशी. तिने पोथीवर बोट ठेवलं आणि ऐकत राहिली. थांबायची, परत यायची.

आरती झाली, मौन सुटलं. अरविंद चहाला आला. आता सांगता आलं असतं. पण मला कोणी विचारलं आहे का, असं तिच्या मनात आलं, आणि तिने त्याच्यापुढे बशी सरकवली.

"आवाज जरा बदललाय का गं, वल्लरी?" तिच्यासमोरच त्याने धाकटीला विचारलं.

"बघते हं, भावजी."

देवघराच्या जाळीतून शेड दिसायचा. विद्युल्लता फुलं आवरायच्या निमित्ताने तिथे उभी राहिली. वल्लरीने नेहमीसारखा पेचकस डाव्या कानाला लावला. डोळे मिटले. मग उघडले. मग कान बदलला, उजव्याला लावला, परत डाव्याला. तिचा चेहरा अंधारात जिना उतरणाऱ्या माणसासारखा झाला होता. आणि मग ती हसून म्हणाली, "बेअरिंग ठीक आहे. पट्टा ढिला झालाय, तो सरकतोय."

विद्युल्लताच्या हातातलं जास्वंदीचं फूल तसंच राहिलं. गणपतीत वल्लरी तापाने फणफणली होती. त्यानंतर ती फोन उजव्या कानाला लावायची. जेवताना जागा बदलून भिंतीकडच्या पाटावर बसायची, म्हणजे सगळे उजव्या हाताला येतात. परवा हळद मागितली तेव्हा तिने वळूनसुद्धा पाहिलं नव्हतं, आणि विद्युल्लता मनात म्हणाली होती, आता ऐकूही येईनासं झालं बाईसाहेबांना. तर ते खरंच होतं. तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, आणि ते ती लपवत होती.

खोटं कशाला बोला, पहिल्यांदा विद्युल्लताला गोडच वाटलं. उद्या गाडीसमोर चक्की अडकू दे. मग पाहू कोणाचा कान तो. एवढं मनात आलं आणि तिने घाईघाईने देवापुढे नाक घासलं, पण विचार काही मागे घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी ती पोथीला बसली तेव्हा पलीकडे अरविंद, आदला दिवस कसाबसा दळून निभावल्यावर, आता पट्टा ताणून बसवत होता. बेअरिंग खिळखिळं झालेलं असताना पट्टा आवळला की सगळा भार त्याच्यावरच येतो. हे तिला कोणी शिकवलेलं नव्हतं, ऐकून ऐकून कळलं होतं. मोटर सुरू झाली. कुरकुर उरली नाही, तिची किंचाळी झाली. मागोमाग भिंतीच्या जाळीतून वास आला, करपलेल्या ग्रीसचा. बेसन असं हलकं, भडकन पेट घेणारं पीठ, शेडभर उडालेलं. चाकाचा दांडा, शाफ्ट, खाल्ला गेला तर महिनाभर चक्की बंद, आणि ठिणगी पडली तर काय, हे तिला पुढे कल्पवेना. अरविंद डाळ ओतायला चक्कीवर वाकला असेल.

मौन आहे, असं तिने स्वतःला सांगून पाहिलं. पोथीतली ओळ वाचली, ती परत वाचली. मग पोथीवर तुळस ठेवून ती उठली, शेडमध्ये गेली आणि खटका बंद केला.

एरवी चाक गिरक्या घेत, रेंगाळत थांबायचं. आज धक्का खाऊन जागच्या जागी थांबलं.

"काय झालं?" अरविंद चिडला. "आवाजाने पोथी होईना का? अगं, गाडी येऊन उभी राहील आत्ता."

तिने ओठांवर बोट ठेवलं. वल्लरी डाळीच्या पोत्यापाशी होती. विद्युल्लताने तिचा हात धरला, ओढत आणला आणि बेअरिंगच्या डब्यावर टेकवला. वल्लरीने चटका बसून हात मागे घेतला. मग तिने चाक दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवलं. ते डुगडुगलं. ती थोरल्या जावेकडे बघत राहिली, आणि मग मान फिरवून म्हणाली, "भावजी, खोला. बेअरिंग गेलंय."

खोललं. ग्रीस काळं पडलेलं, त्यात चकाकता कीस. गोळ्यांना धरून ठेवणारी कडी तुटलेली.

"अजून थोडं चाललं असतं तर शाफ्ट गेला असता," अरविंद कपाळ पुसत म्हणाला. "हात लावून ओळखलं पोरीने."

"म्हणून तर सांगते मी सगळ्यांना," माई दारातून म्हणाल्या. "कानच नाही, हातसुद्धा डॉक्टरचाच आहे."

विद्युल्लताचं तोंड मिटलेलं होतं. वल्लरीचंही. मौन मात्र एकीचंच होतं. थोरली वळली आणि पोथीला जाऊन बसली. त्या दिवशी तिने आरती लवकरच उरकली.

अरविंद बाजारातून नवं बेअरिंग घेऊन आला. गाडीवाल्याला माईंनी पोहे खाऊ घालून बसवून ठेवलं. दुपारी चक्की पुन्हा गुणगुणू लागली तेव्हा वल्लरी स्वयंपाकघरात आली आणि विद्युल्लताच्या डाव्या हाताला उभी राहिली. म्हणजे आपला उजवा कान तिच्याकडे करून.

"जाऊबाई, बोला ना काहीतरी. आरती झाली की तुमची."

"इंदूरला कानाचे चांगले डॉक्टर आहेत," विद्युल्लता कणीक मळत हळूच म्हणाली. "अजेयला सुट्टी घ्यायला सांग."

वल्लरीच्या हातातलं भांडं ओट्यावर आपटलं. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही."

"यांना माहीत नाही. रोज शेजारी झोपतात, त्यांना कळलं नाही. माईंना नाही, भावजींना नाही." तिने भांडं सरळ ठेवलं. "तुम्ही माझ्याकडे इतकं बघता?"

विद्युल्लताने कणकेला मूठ लावली. याला उत्तर होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "बघते."

"तुम्हीच ओळखलंत, हे मी सांगायला हवं होतं सकाळी. जीभच उचलेना. ते सोडून माझं या घरात दुसरं आहे काय? तुमच्यासारखी पुरणपोळी येत नाही मला, पूजा येत नाही."

हे विद्युल्लताला नवं होतं. पुरणपोळी ही कोणी हेवा करावा अशी गोष्ट आहे, हे तिला कधी सुचलं नव्हतं. गोळ्यावर ओलं फडकं टाकून ती हात धुवायला गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, अंघोळ करून ती देवघराकडे निघाली असताना शेडमधून अरविंदचा आवाज आला, "वल्लरी, नवं बेअरिंग कसं वाटतंय, ऐक जरा."

"माझा कान बिघडलाय, भावजी. तापापासून. काल जाऊबाईंनीच पकडलं ते, माझा हात त्यांनी ठेवला. त्यांना विचारा."

चक्की चालूच होती. माईंनी जपमाळ थांबवली. मग अरविंद देवघराच्या दारात आला, कितीतरी दिवसांनी. हातात पेचकस होता. "काय गं," तो जरा ओशाळून म्हणाला, "कसा वाटतो?"

तिने पेचकस घेतला. शेडमध्ये जाऊन डब्यावर टोक टेकवून मूठ कानाला लावली. आत एकसारखी, स्वच्छ गुणगुण होती. तिने मान डोलावली. अरविंद हसला. वल्लरी पोत्यावर बसून बघत होती, समाधानाने, आपलं काहीतरी देऊन टाकल्यासारखी.

आणि ते समाधान विद्युल्लताला टोचलं. हा मानही हिनेच दिला, असं वाटून गेलं. देवघरात परतून तिने घंटा जरा जोरातच वाजवली. मग मंगळवार असल्याचं आठवलं, आणि टेकरीवर आज धाकटीपुढेही बसावं लागणार, हेही.