उजवीकडून येणारा आवाज

रेडिओ केंद्रात तीस वर्षं रेकॉर्डिंग करून निवृत्त झालेल्या या गृहस्थांना तिथे सगळे कानसेन म्हणत. स्टुडिओच्या दारात उभं राहून, वायरींना हात न लावता, ‘डावं-उजवं उलटं लावलंय’ असं सांगणारा माणूस. निवृत्तीनंतरही ही खोड गेली नव्हती. शेजारच्यांचा मिक्सर ऐकून तो आणखी किती दिवस टिकेल हे ते सांगत आणि कुणी विचारलेलं नसताना सांगत.

अशा माणसाचा उजवा कान आठ महिन्यांपूर्वी गेला. एका सकाळी उठले तर त्या बाजूला कापूस कोंबल्यासारखं झालेलं. आपोआप उघडेल म्हणून त्यांनी पंधरा दिवस काढले आणि मग डॉक्टरांनी सांगितलं, आता तो परत येणं कठीण. घरी त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. डॉक्टरकडे जाताना दात दुखतोय म्हणून सांगायचे. कानसेन बहिरा झाला हे ऐकण्यापेक्षा दातदुखी परवडली.

आणि आज शनिवारी सकाळी लेक लॅपटॉप घेऊन आली होती. बैठकीच्या खोलीतले त्यांचे जुने दोन स्पीकर तिने फूटपट्टीने मोजून मांडले, समोर खुर्ची ठेवली आणि खुर्चीच्या पायांभोवती जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा केल्या.

“खुर्ची वीतभरही हलवायची नाही हं, बाबा. हलली की सगळा खेळ खलास.”

खेळ असा होता. डाव्या स्पीकरचा आवाज गुपचूप उजव्या कानातही शिरतो, उजव्याचा डाव्यात. म्हणून आवाज समोरच्या भिंतीला चिकटून राहतो. लेकीने केलेला प्रोग्रॅम या चोरट्या आवाजाला उलटा आवाज सोडून मारत होता. मग ज्या कानाचा आवाज त्याच कानात जातो, आणि दोनच स्पीकरमधून माणसं मागे, शेजारी, डोक्यावर, कुठेही बोलू लागतात. यासाठी तिने मागच्या रविवारी आईच्या दोन्ही कानांत मण्याएवढे माइक बसवले होते आणि आईचा आख्खा दिवस, म्हणजे जिना, बाजार, बाग, जेवण, जसाच्या तसा टिपला होता.

“सोमवारी साहेब लोकांपुढे ठेवायचंय. तीन वर्षं घासलीयेत मी,” ती म्हणाली. “पण तुम्ही हो म्हटल्याशिवाय ठेवणार नाही.”

ते खुर्चीत बसले. यातलं सगळं त्यांना समजत होतं, आणि याला दोन कान लागतात हेही समजत होतं. बाजारातली गर्दी सुरू झाली, पण त्यांच्यासाठी ती सगळी डाव्या बाजूला एका ढिगात पडलेली होती. ते डोळे मिटून गंभीरपणे मान डोलावत राहिले. एकदा उगाच मागेही वळून पाहिलं.

“छान झालंय,” शेवटी ते म्हणाले.

लेकीचा चेहरा उतरला. “छान? आणि पुढचं ‘पण’ कुठाय?”

बरोबरच होतं तिचं. सहा वर्षांची असताना ती शाळेत गायली, तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते आणि हे घरी येताना ‘छान, पण तिसऱ्या ओळीत श्वास चुकला’ म्हणाले होते. नुसतं छान त्यांच्या तोंडून तिने कधी ऐकलं नव्हतं.

“काहीतरी बिघडलंय. उठा, मी बघते.”

ती स्वतः खुर्चीत बसली. आधी हसली, मग रेकॉर्डिंग थांबवलं. पुन्हा मागे नेऊन ऐकलं. पुन्हा एकदा.

“आई, जरा ये गं.”

आई ओले हात पुसत स्वयंपाकघरातून आली.

“बाबांचा आवाज कायम तुझ्या उजवीकडून येतोय,” लेक म्हणाली. “जिन्यावर, बाजारात, बागेतल्या बाकावर. डावीकडून एकदाही नाही. आणि जेवताना तर तू त्यांच्या समोर बसायचीस ना?”

“आता शेजारी बसते. डाव्या हाताला,” आई म्हणाली. “समोर बसलं की भांड्यांच्या आवाजात त्यांना ऐकू येत नाही. उजवा कान गेलाय त्यांचा.”

कानसेन भिंतीला टेकून उभे होते. त्यांचे कान तापले, चालणारा आणि बंद पडलेला, दोन्ही.

“तुला कोणी सांगितलं?”

“दाताच्या डॉक्टरकडे पाच वेळा गेलात आणि दात होते तसेच आहेत. मला काय डोळे नाहीत?”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही सांगाल म्हणून थांबले. तुमच्या डावीकडून चालायला मला काय जड जात होतं?”

त्यांना लाज वाटली. आठ महिने आपण केवढं नाटक केलं, आणि ही रोज नुसती बाजू बदलून ते निभावून नेत होती. लाजेच्या मागोमाग इतकं हलकं वाटलं की ते मटकन सोफ्यावर बसले.

“मग मघाशी छान कशाला म्हणालात?” लेकीने विचारलं.

“तुझी तीन वर्षं आहेत यात. नाही म्हणवेना, आणि हो म्हणायला कान नव्हता.”

तिने डोळे पुसले आणि त्यांना हाताला धरून पुन्हा खुर्चीत बसवलं. “आता खरं सांगा. जे ऐकू येतंय तेवढंच.”

या वेळी त्यांनी डावा कान उघडपणे पुढे केला. रविवारी दारात उभी राहून लेक आईला हाक मारत होती, तो तुकडा त्यांनी तीनदा लावायला सांगितला.

“कुठून येतोय ते मला नाही कळणार. पण तुझा आवाज पातळ झालाय. तो चोरटा आवाज मारता मारता तुझं यंत्र खर्जही मारतंय.”

लेक बघतच राहिली. “ऑफिसात सहा जणांनी ऐकलंय हे. एकालाही कळलं नाही.”

“ते मागे वळून बघण्यात दंग असतील.”

ती मांडी घालून खाली बसली आणि कामाला लागली. तासाभरात तिचा आवाज पुन्हा तिचा झाला. त्यांनी तो ऐकला, मान हलवली आणि म्हणाले, “छान. पण श्वास जरा मोठा ऐकू येतोय.” लेक खुदकन हसली.

मग त्यांनी बायकोला खुर्चीत बसवलं.

“मला तर कळत नाही. तू सांग, मी कुठाय त्यात?”

तिने डोळे मिटले. रविवारच्या बागेत कानसेन शेजारच्यांच्या मिक्सरबद्दल काहीतरी बडबडत होते. तिने हात उजवीकडे लांब केला आणि बोट दाखवलं.

“हे काय, इथेच.”

बोट त्यांच्या शर्टाच्या गुंडीला लागलं. खुर्ची हलू नये म्हणून ते जपून, तिच्या उजव्या बाजूला, अगदी तिथेच उभे होते.