ऐलीच्या कानातला एक मणी

मी एक जुना मणी आहे. मित्रांनो, कानातला मणी म्हटलं की तुम्हाला डूल आठवतील, कुड्या आठवतील. तसला मी नाही. कानाच्या पार आत शंखासारखं एक वळण असतं. तिथे ऐकणाऱ्या पेशी ओळीने बसलेल्या असतात. त्यांतल्या एका पेशीत मी राहतो. डोळ्यांना मी दिसत नाही, आजीचा चष्मा लावला तरी नाही. शास्त्रज्ञ मला युबिक्विटिन म्हणतात. एवढ्याशा जिवाला एवढं मोठं नाव!

माझा जन्म एकट्याचा झाला नाही. आम्हा भावंडांची मिळून एकच लांब लड तयार झाली आणि मग एका कापणाऱ्याने आम्हाला सुटं केलं. सुटं होताना कोणी रडलं नाही. पेशीत रडायला सवड नसते.

आता माझं काम सांगतो. पेशीतली सगळी कामं प्रथिनं करतात. मीही एक छोटं प्रथिनच. प्रत्येक प्रथिनाची एक घडी असते, आणि ती घडी आहे तोवरच त्याचा उपयोग. धक्का बसला, म्हातारपण आलं, फार तापलं, की घडी मोडते. मोडलेलं प्रथिन नुसतं पडून राहिलं असतं तर बरं होतं. ते दुसऱ्याला जाऊन चिकटतं. शिजलेल्या शेवयांचा गोळा होतो ना, तसा त्यांचा गोळा होतो आणि त्या गोळ्यात चांगली प्रथिनंही अडकतात.

म्हणून आमच्याकडे सावरणाऱ्या असतात, त्याही प्रथिनंच. त्या मोडलेल्याला हाताशी धरतात, पुन्हा घडी घालून बघतात. जमलं तर ते आपल्या कामाला जातं. नाही जमलं तर आमची पाळी येते. एक जण मला जागं करतो, दुसरा उचलून नेतो आणि तिसरी, जिची नजर फार तिखट असते, ती ठरवते, ‘हा.’ मग मला त्या बिचाऱ्याच्या अंगाला जोडतात. माझ्या पाठीवर दुसरा मणी, त्याच्या पाठीवर तिसरा. अशी माळ झाली की चक्की ओळखते.

चक्की म्हणजे एक पोकळ पिंप. वर झाकण, आत धार. झाकण उघडतं, मोडलेलं प्रथिन दोऱ्यासारखं आत ओढलं जातं आणि त्याचे बारीक तुकडे होतात. त्या तुकड्यांतून नवी प्रथिनं घडतात. आम्हा मण्यांना मात्र दारातच सोडवून परत पाठवतात. त्या तोंडाशी मी कितीदा जाऊन आलो असेन! तरी दर वेळी मनात येतं, आज मला सोडवायला कोणी विसरलं तर?

चक्कीचं कौतुक सगळे करतात. आम्हाला बघून मात्र कोणी हसत नाही. आम्ही आलो म्हणजे कोणाचं तरी संपलं. पण मित्रांनो, आम्ही आलोच नाही तर सगळ्यांचंच संपतं. हे मला त्या शनिवारी कळलं.

माझी पेशी ऐलीच्या उजव्या कानात आहे. ऐली पहिलीत जाते. सुपीरियर सरोवराच्या काठी, जिथे हिवाळा उरकता उरकत नाही, तिथे ती आई आणि आजीबरोबर राहते. आजीला ती मुम्मू म्हणते. मला बाहेरचं काहीच दिसत नाही, पण घरातला प्रत्येक आवाज आमच्या दारावरून जातो. मुम्मू वेलदोड्याच्या पावाचं पीठ ओट्यावर आपटते तो धपधप आवाज. आईची, म्हणजे कर्स्टीची, बर्फ लोटायची गाडी रस्ता खरवडत जाते तो खरखराट. आणि या सगळ्यांवर ऐलीची बडबड.

त्या दिवशी ऐलीला ताप होता. पेशीत सकाळपासूनच गरम होत होतं. सावरणाऱ्यांची धावपळ चालली होती, पण सगळं आवाक्यात होतं. बाहेर बर्फ पडत होता, म्हणून कर्स्टीला कामावरून बोलावणं आलं. निघता निघता तिने मुम्मूला, म्हणजे तिच्या आईला, बजावलं,

“आई, तिला झोपू दे. पाणी पाजत राहा. आणि घामबिम काढायच्या फंदात पडू नकोस हं!”

“तुला कोणी वाढवलं गं? मीच ना? तुझे सगळे ताप मी सौनात घालवलेत. आणि तू काही मेली नाहीस.”

“आई!”

“मेली असतीस तर एवढं ऐकवायला उरली असतीस का? जा, उशीर होतोय तुला.”

दार बंद झालं. गाडीचा खरखराट लांब गेला.

आता सौना म्हणजे काय ते सांगायला हवं. अंगणाच्या कोपऱ्यात एक लाकडी खोली असते. तिच्यात चुलीवर दगड तापवतात आणि त्यांवर पाणी ओततात. मग वाफेत बसायचं. त्या गावात शनिवार म्हणजे सौना, त्यात बदल नाही. मुम्मूच्या आईचा जन्मसुद्धा सौनातच झाला होता. त्या खोलीवर मुम्मूचा जेवढा विश्वास होता तेवढा कुठल्याही डॉक्टरवर नव्हता.

“मुम्मू, मला नको आज. माझं डोकं दुखतंय.”

“म्हणूनच तर जायचं, राणी. घाम आला की ताप पळेल. चल, मी उचलून नेते तुला.”

“आणि बोलायचं नाही?”

“चर्चमध्ये बसतो तसं बसायचं. सौनात बडबड नाही, भांडण नाही. शहाणी मुलं गप्प बसतात.”

पाणी दगडांवर पडलं. सूंऽऽ असा आवाज माझ्या दारावरून गेला, आणि त्याच्या मागोमाग उष्णता आली.

मित्रांनो, ताप आतून येत होता आणि ही बाहेरून. दोघं मध्ये भेटली आणि आमची पेशी मध्येच सापडली. कालपर्यंत ताठ उभी असलेली प्रथिनं माझ्यासमोर ढिली पडू लागली. सावरणाऱ्या एकाला धरायच्या तोवर दुसरा मोडायचा. तिखट नजरेची ती सारखी ‘हा, हा आणि हाही’ म्हणू लागली. आम्ही मणी धावत सुटलो. एका माळेतून सुटलो की लगेच दुसरीत. चक्कीच्या तोंडाशी रांग लागली.

पुन्हा सूंऽऽ.

“अजून एक डबा पाणी,” मुम्मू हलक्या आवाजात म्हणाली. “कशी शांत बसलीये बघा माझी बाहुली. मोठी झाली गं तू.”

मी कान देऊन ऐकलं. कानातच राहणारा मी, मला दुसरं काय येतं! ऐलीचा आवाज नव्हता. बारीक, भराभर चाललेला श्वास तेवढा येत होता. ‘किती वेळ अजून?’ नाही. ‘मला तहान लागली’ नाही. मुम्मूला वाटत होतं, पोरगी शहाण्यासारखी बसली आहे. मला आतून दिसत होतं की ती शहाण्यासारखी बसलेली नाही. ती वितळत चालली आहे.

आणि मग जे व्हायला नको होतं ते झालं. सुटे मणी संपले.

मोडलेली प्रथिनं समोर पडली होती आणि त्यांना जोडायला मणी नव्हते. ती एकमेकांना चिकटू लागली. पहिला गोळा चक्कीच्या दारापाशीच झाला. मी एका माळेत अडकून त्याच्या काठाला होतो. गोळा वाढत माझ्याकडे येत होता. कानातल्या या पेशी आयुष्यात एकदाच मिळतात. एक गेली की तिच्या जागी दुसरी येत नाही. हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे, फक्त कोणी मोठ्याने बोलत नाही. शेजारच्या पेशीकडून रोज येणारी बारीकशी थरथर त्या वेळी थांबली. तिथेही माझ्यासारखेच मणी होते.

मी ओरडलो. पण मण्याचं ओरडणं कोणाला ऐकू जाणार? ज्या कानात मी बसलो होतो त्या कानालासुद्धा ते ऐकू आलं नाही.

तेवढ्यात लांबून खरखराट आला. बर्फ लोटत लोटत कर्स्टी आपल्याच घराच्या रस्त्यावर आली होती. गाडी थांबली. बुटांचा आवाज घराकडे गेला, घरातून परत आला आणि अंगणातून सौनाच्या दारापाशी आला.

“आई! ऐली कुठाय?”

“हळू. सौनात आवाज चढवायचा नाही.”

“ती आत आहे? एवढ्या तापात?”

“आहे की. बघ तरी किती गप्प बसलीये. तू या वयाची होतीस तेव्हा नुसती वळवळ करायचीस.”

“गप्प?” कर्स्टीचा आवाज एकदम बारीक झाला. “आई, ही पोरगी झोपेतसुद्धा बोलते गं! ऐली? ऐली!”

उत्तर नाही.

दार भिंतीवर आपटलं. थंड हवा आत घुसली.

“अगं बाई, अंग कोरडं लागतंय हिचं! घाम का नाही आला?” मुम्मू म्हणाली. “बर्फात ने, कर्स्टी! आम्हाला तसंच लोळवायचे, लगेच उतरतं—”

“बर्फ नको! कोमट पाण्यात टॉवेल बुडव. आण आधी. आणि चल गाडीत.”

“असल्या झग्यात?”

“असल्याच झग्यात!”

बर्फ लोटायच्या गाडीत बसून आम्ही दवाखान्याकडे निघालो. पुढे फाळ खाली सोडलेला, म्हणजे रस्ता आम्हीच मोकळा करत होतो. त्या खरखराटात मुम्मू एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होती, “मला वाटलं, शहाणी झाली म्हणून गप्प बसलीये.”

कर्स्टीने गाडीचा वेग वाढवला. मग म्हणाली, “आई, टॉवेल मानेला धर. बगलेत पण. रडायचं नंतर, आपण दोघी मिळून रडू.”

हळूहळू पेशीतली आग कमी होत गेली. कुठूनशी नव्या सावरणाऱ्यांची फौज आली. नव्या मण्यांच्या लडी आल्या, माझी कोवळी भावंडं, अजून कापायची होती. चक्कीच्या दारातला गोळा त्यांनी काठाकाठाने सोडवायला घेतला. मला कधी सोडवलं, कळलं नाही. मी सुटा होतो आणि थरथरत होतो.

दवाखान्यात कोणीतरी सुई लावली. एक अनोळखी आवाज वाकून म्हणाला, “ऐली, मी बोलतेय ते ऐकू येतंय का बाळा?”

काहीच नाही.

“ऐली?” हा कर्स्टीचा आवाज. त्याला पुढे काही विचारायचा धीर नव्हता. मी तर श्वास रोखून बसलो होतो, मण्याला श्वास असता तर. आवाज आमच्या पेशीवरून गेला होता, एवढं मला ठाऊक होतं. पण पुढे पोचला का?

मग मुम्मू अगदी जवळ आली. “बोल गं राणी. वाटेल तेवढं बोल.”

“मुम्मू,” ऐली म्हणाली. आवाज कोरडा होता, पण तिचाच होता. “आता बोललं तर चालतं?”

ऐलीला सगळं ऐकू येत होतं. सौनातही येत होतं, आणि सुरुवातीला तिला बोलताही येत होतं. तिला गप्प बसायला सांगितलं होतं, म्हणून ती गप्प बसली होती.

मित्रांनो, ऐली बरी झाली. तिचे कान तपासले, ठीक आहेत म्हणाले. शेजारची ती एक पेशी परत आली नाही, पण हजारांतली एक कमी झाली तर तपासताना कळत नाही. मला कळतं. तिकडून थरथर येत नाही. मुम्मू अजून दर शनिवारी दगड तापवते, पण अंग जरा जरी गरम लागलं तरी ऐलीला दाराबाहेरच ठेवते. आणि ती आत असली की तिला विचारत राहते, “ठीक आहेस ना?” मग ऐली कंटाळून म्हणते, “हो गं मुम्मू, कितीदा विचारशील!”

तुमच्याही अंगात माझ्यासारखे मणी आहेत. तुम्ही खेळता, झोपता, तेव्हाही ते मोडलेल्यांना वेचत असतात. ताप असेल तर त्यांना विसावा द्या, पाणी द्या. आणि एक विनंती. अंगात कसंतरी होत असेल, तर समोर कोणीही असो, कुठलीही जागा असो, शहाण्यासारखे गप्प बसू नका. आम्ही आतून कितीही ओरडलो तरी बाहेर कोणाला ऐकू जात नाही. आम्हाला तोंड नाही. तुम्हाला आहे.